जालन्याच्या पुढं

अंगद जाफराबाद-जालना एसटीचा कंडक्टर. मे महिन्यात जादा गाड्या सुटायच्या आणि लेकीला समुद्र दाखवायचं दरवर्षी राहून जायचं. त्या वर्षी कशीबशी रजा मंजूर झाली, तर करोनाचं लॉकडाऊन लागलं. "मंग अंगणातूनच जाऊ," लेक प्रांजल म्हणाली. सकाळीच तिनं लिंबाखाली दोन बाजा एकामागं एक लावल्या, बॅग भरली आणि आईला, मीनाला, नवी साडी नेसायला लावली. अंगद मात्र सवयीनं बाजेशेजारी उभाच राहिला. "चला, आत सरका, वाट अडवू नका!" मायलेकी हसून लोळल्या. मीनानं दशम्या सोडल्या. भोकरदन गेलं, राजूर गेलं, एकेक थांबा तो खड्या आवाजात पुकारत होता. "जालना! शेवटचा स्टॉप. उतरा सगळे, जल्दी!" प्रांजलचं हसू थांबलं. "पप्पा, समुद्र तर लई लांब राह्यला." अंगद गोंधळला. अकरा वर्षांच्या नोकरीत जालन्याच्या पुढचा थांबा त्यानं कधी पुकारलाच नव्हता. मीना बाजेवर सरकली. "आवं कंडक्टर, ड्युटी संपली तुमची. आता बसा की आमच्यात." तो संकोचत दोघींच्या मधे बसला. प्रांजलनं भूगोलाच्या पुस्तकातला नकाशा मांडीवर उघडला, तांब्यावर चमचा दोनदा वाजवला आणि पुढची गावं तीच पुकारू लागली. नगर आलं, पुणं आलं. मग ती एकदम ओरडली, "पप्पा, धरून बसा, घाट लागला!" अंगदनं दोन्ही हातांनी बाजेची कड घट्ट धरली.