दोन बिल्ले

पर्समध्ये दोन बिल्ले होते.

चष्मा पुसायचं फडकं शोधताना तिच्या हाताला लागले. पत्र्याचे, पाच आणि सहा नंबरचे. डोंगराच्या निम्म्यावरच्या शेडमध्ये, गुहा बघून उतरलेली मंडळी बुटांतले खडे झटकत होती. ती नवऱ्याची वाट बघत होती. सगळ्यांच्या शेवटी वाटाड्या उतरला. त्याच्यामागे कोणीच नव्हतं.

"आमचे हे कुठे राहिले?"

"पुढे गेले असतील, ताई. फळा रिकामा बघूनच दार लावलं मी."

गुहेच्या तोंडाशी लोखंडी दार होतं आणि दाराशेजारी खिळे ठोकलेला फळा. आत जाताना आपला बिल्ला खिळ्याला अडकवायचा, बाहेर पडताना काढून घ्यायचा. "मी डोकी मोजत नाही," वाटाड्याने सकाळीच सांगितलं होतं, "डोकी हलतात. खिळे हलत नाहीत." सगळे हसले होते. तिचा नवरा जरा जास्तच.

तिने तळहात पुढे केला. वाटाड्याने बिल्ले पाहिले, मग वर माथ्याकडे पाहिलं. माथा काळ्या ढगात गेला होता.

"दोन्ही तुम्ही काढलेत?"

"गुडघे कुरकुरायला लागले म्हणून मी लवकर बाहेर आले. येताना यांचाही घेतला. हे विसरतात हो. छत्र्या, किल्ल्या, एकदा तर दवाखान्यात स्वतःचे रिपोर्ट..."

"त्यांना सांगून निघालात ना?"

"सांगितलं की. कॅमेरा लावत होते. 'हं' म्हणाले."

एकतीस वर्षांच्या संसारात त्या 'हं'चा अर्थ तिला पाठ होता. ऐकलेलं नाही, एवढाच.

परत चढताना गुडघ्यांनी चकार शब्द काढला नाही. वाटाड्या पुढे होता. वाटेत तो एकदाच बोलला, "माथ्यावर पाऊस झाला की अर्ध्या तासात पाणी आत उतरतं." पाऊस कधीपासून लागलाय, हे तिने विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

कुलूप निघालं. दार उघडताच गार वारा अंगावर आला, आणि त्याच्यामागून पाण्याचा आवाज. सकाळी ज्या दगडावर बसून तिने बुटाची नाडी बांधली होती, तो दगड आता दिसत नव्हता.

आणि मग आतून तो बोलला. लांबून, शांतपणे, थोडा वैतागून. घरात पेपर सापडत नसला की बोलायचा तसा.

"अगं, कुठे जाऊन बसलीस? असशील तिथेच थांब. मी येतोय."

तो तिला शोधत होता.

"अहो!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "मी बाहेर आहे! इकडे, दाराशी!"

तिचा आवाज आत गेला, भिंतीभिंतींवर आपटला आणि कुठल्यातरी खोल पोटातून उलटा आला. वाटाड्याने तिचा दंड धरला.

"गप्प, ताई! आत दिशा कळत नाही. बाहेरची हाक मागच्या भुयारातून आल्यासारखी वाटते. ते हाकेच्या मागे जातील." त्याने बॅटरी लावली आणि गुडघाभर पाण्यात पाय घातला. "मी त्यांच्यापाशी पोचेपर्यंत एक शब्द नाही. काहीही झालं तरी."

बॅटरीचा उजेड वळणाआड गेला.

"ऐकू आलीस गं!" आतून तो म्हणाला. आता त्याच्या आवाजात सुटकेचं हसू होतं, आणि तो आवाज मघापेक्षा लांबून येत होता. "सापडलीसच बघ. आणखी एकदा हाक मार."

तिने दोन्ही हातांनी आपलं तोंड गच्च दाबून धरलं.