हलगीची ऊब

दवाखान्यातून बायको गेल्याचा निरोप आला, त्या दिवशी दौलूची हलगी खुंटीला लागली. घमेल्यात जाळ करून हलगीचं सैल कातडं तापवून ताणायचं काम बायकोचंच होतं.

आज जत्रेची पालखी दौलूच्या दाराशी खोळंबली होती. "दौलूमामा, उठा! नाहीतर कमिटी डीजे लावतीय. मग आपल्या वाजवणाऱ्या पाच घरांनी खायचं काय?" ढोलवाला घायकुतीला आला.

त्यानंच जाळ करायला घमेलं ओढलं. "त्याला हात लावू नकोस." दौलूनं भुईवरच उसाचं पाचट पेटवलं, त्यावर हलगी धरली. पहिला ठोका बद्द वाजला.

"मामा, दाबू का बटण?" डीजेवाला हसला.

दौलूनं हलगी पुन्हा तापवली. दुसरा ठोका कडाडला, पालखी हलली. महिन्याभरात पहिल्यांदाच त्याच्या छातीत पुरता श्वास भरला, भूकही लागली.

घमेल्यात तिच्या शेवटच्या जाळाची राख आहे. ती टाकायची अजून राहिलीय.