हाताची सवय

देवाने म्हाताऱ्या शिंप्याला नात दिली, पण त्याआधीच मधुमेहाने त्याच्या बोटांतली जाण नेली होती. सुई टोचलेलीही कळायची नाही. मग बाळाला किती दाबलं, ते काय कळणार? म्हणून तो नातीला हातच लावेना. शेवटी सुनेने खिडकीतल्या उन्हात लाजाळूची कुंडी आणून ठेवली. "बाबा, पानं न मिटता हात फिरवता आला, की बाळ तुमच्या मांडीवर." दुकान उघडण्याआधी तो रोज कुंडीपाशी बसू लागला. पानं मिटायची, तो ती उघडेपर्यंत थांबायचा आणि पुन्हा बोट फिरवायचा. "माझ्याशी बोलताना नव्हता हो कधी एवढा धीर," चहा ठेवता ठेवता म्हातारी म्हणायची. एका सकाळी बोट फिरलं, तरी पानं उघडीच राहिली. त्याने हरखून दोघींना बोलावलं. म्हातारी हसली. "तुमचा हात कुठला हलका होतोय? रोज छळून छळून झाडच कोडगं झालंय." त्याने मुद्दाम जरा जोरात बोट फिरवलं. पानं तशीच. त्याचा चेहरा पडला. सून आत गेली आणि बाळाला घेऊन आली. "झाडाला सवय झाली तुमच्या हाताची. हिलाही होऊ दे की." तिने बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं. तो श्वास रोखून बसला. बाळाने चुळबुळ करत त्याचं बोट मुठीत घेतलं. तो वाकून बघत राहिला. "धरलंय का गं तिने?" "घट्ट," सून म्हणाली.