दुपारचा परिणाम

चौथ्या दुपारीही रक्तवाहिनी आकसली आणि सर गरजले. म्हणजे गरजायला गेले. रविवारी दाढ काढल्यामुळे गाल टम्म फुगला होता आणि तोंडातून निम्मे शब्द नुसते हवा होऊन बाहेर पडत होते.

"तुझं द्रावण बिघडलंय. दुपारचा परिणाम परत दिसेपर्यंत मी प्रबंधावर सही करणार नाही."

प्रबंध शुक्रवारी द्यायचा होता. ती, सरांची एकुलती एक उरलेली संशोधक विद्यार्थिनी, पाच वर्षं याच कामाला जुंपलेली होती. उंदराच्या अंगातल्या केसाएवढ्या बारीक रक्तवाहिनीचा तुकडा दोन तारांवर चढवायचा, कोमट द्रावणात बुडवायचा आणि त्यात न्यूरोपेप्टाइडचे दोन थेंब टाकायचे. न्यूरोपेप्टाइड म्हणजे मज्जातंतूंनी वाहिनीला धाडलेला निरोप: आवळ. सकाळी वाहिनी निमूटपणे आवळते. दुपारी मात्र ढिम्म, सैलच पडून राहते. हा सरांचा जगप्रसिद्ध शोध. जग म्हणजे दोन परिषदा आणि एक मासिक, पण सरांना तेवढं पुरत होतं.

वाहिनी तारांवर चढवावी तर सरांनीच. हातमोजे घातले की बोटं आंधळी होतात, असं त्यांचं ठाम मत. चिमट्याचं टोक उघड्या बोटांनी पुसायचं, श्वास रोखायचा आणि एका झटक्यात वाहिनी तारेवर. ते करताना सर देखणे दिसत, हे तीही कबूल करायची.

तिने द्रावण तीनदा नव्याने केलं होतं. द्रावणात काही खोट नव्हती. खोट कशात आहे ते कळेना आणि शुक्रवार तर उरावर बसलेला. ती हात धुवायला मोरीपाशी गेली. तिथे प्रयोगशाळेतले काका चिमटे घासत होते.

"ताई, औषध बदललंत ते बरं केलंत. चार दिवस झाले, डोळे झोंबत नाहीत."

"कसलं औषध, काका?"

"ते दुपारचं. दुपारचे चिमटे धुतले आणि चुकून हात डोळ्याला लागला, की नुसती आग आग. सकाळच्यांचं तसं काही नाही."

ती नळ चालू ठेवून उभी राहिली. सर रोज डब्यासोबत दोन हिरव्या मिरच्या कराकरा चावून खात आणि हात रुमालाला पुसून थेट वाहिनी चढवायला बसत. दाढ काढल्यापासून बिचारे पातळ खिरीवर होते. आणि मिरचीचा गुण तर ती झोपेतही सांगू शकली असती. मिरची वाहिनीच्या भिंतीतल्या मज्जातंतूंना डिवचते, मग ते दुसरंच एक न्यूरोपेप्टाइड सोडतात. त्याचा निरोप उलटा असतो: सैल हो. दुपारचा यात काडीचाही संबंध नव्हता.

तिने कँटीनमधून एक मिरची मागून आणली, मोडली, बोटांना चोळली, चिमटा पुसला आणि वाहिनी चढवली. थेंब टाकले. वाहिनीचा ताण दाखवणारी पडद्यावरची रेघ जागची हलली नाही. मग हात साबणाने खसाखसा धुऊन नव्या चिमट्याने दुसरी चढवली. ती कचकन आवळली. एवढा आनंद तिला पाच वर्षांत झाला नव्हता. आता सही तर मिळणारच होती, वर सरांची बारा वर्षांची चूक आपण अर्ध्या तासात पकडली हे मिरवताही येणार होतं.

ती धावत सरांच्या खोलीत गेली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. आता आभाळ कोसळणार म्हणून ती दारापाशीच उभी राहिली होती. सरांनी गाल घट्ट धरला. मग हसायला लागले. दुखत होतं तरी हसत राहिले.

"बारा वर्षं मी घड्याळाला श्रेय देत होतो! शाबास. मासिकाला आजच लिहितो, चूक माझी म्हणून." त्यांनी पेन काढलं आणि तिचा प्रबंध पुढे ओढला. "तूही मिरचीवालीच वाटतं?"

"छे हो सर! मला मिरीसुद्धा सोसत नाही."

पेन थांबलं. सरांनी चौथं प्रकरण उघडलं.

"गेल्या वर्षी मी तीन महिने बाहेरगावी होतो. तेव्हाच्या या अठ्ठावीस दुपारच्या वाहिन्या. सगळ्या सैल. या कोणी चढवल्या?"

"मीच," ती फुशारकीने म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिला कचऱ्याची बादली आठवली.

दुपारी आवळणारी वाहिनी खराब असते, हे तेव्हा तिला पाठच होतं. आणि खराब वाहिनी कोणी मोजत नाही. ज्या आवळल्या त्या तिने बिनदिक्कत बादलीत टाकल्या. चढवताना हात चुकून ज्या मेल्या, त्या कसल्या आवळतात? त्या तेवढ्या राहिल्या. धडधाकट होत्या त्या बादलीत गेल्या आणि मेलेल्या प्रबंधात.

सरांनी पेनाला टोपण लावलं. आवाज चढवला नाही. विचारलं फक्त, तेही अगदी मायेने.

"माझ्या बोटांना मिरची होती गं. तुझ्या बोटांना काय होतं?"