गाभोळी

धरण पाडल्यावर क्लामाथ नदीत परतलेला पहिला चिनूक सॅमन कापायचा मान थोरल्या वर्डीनआत्याचा. तिनं पोट चिरलं आणि सुरी थांबली. मादी होती, पण पोटात गाभोळीचा, अंड्यांच्या पिशवीचा, पत्ता नव्हता. मासा आणणाऱ्या भाच्याकडे तिनं रोखून पाहिलं. “कुणाला विकलीस, लार्किन?” “काय, आत्या?” “भोळा चेहरा करू नकोस. गाभोळी!” “आईशप्पथ, मरायला टेकलेलीच सापडली. तशीच उचलली.” “आणि मी दुधखुळी!” मान बघायला जमून उथळ पाण्यात उभी असलेली माणसं कुजबुजली. आणखी काही लपवलंय का म्हणून आत्यानं मासा उलटा केला. शेपटी झिजून हाडाला लागली होती. धरणाआधीचे दिवस पाहिलेल्या आजीचं बोलणं तिला आठवलं: मासळी आई शेपटीनं तळाची खडी उकरते, अंडी पुरते, मग मरते. “ही सापडली कुठं?” “मंडळी उभी आहेत तिथंच.” आत्या किंचाळली, “बाहेर या रे सगळे! पायाखाली तिची पोरं निजलीत!”