तीन चित्रांतला चंद्र

मिल्टनच्या कपाटाचा खालचा खण अडकला होता. लोइसने जोर लावून ओढला, तसा संगणकाच्या फितीचा एक गोल डबा तिच्या मांडीवर येऊन पडला. डब्यावर मिल्टनच्याच अक्षरात दोन आकडे होते. १११८, १११९.

ती तशीच फरशीवर बसून राहिली.

"काय गं, विंचू निघाला?" पलीकडच्या टेबलावरून चारोने विचारलं. वाळवंटातल्या टूसॉनच्या त्या प्रयोगशाळेत विंचू अधूनमधून निघत.

"चंद्र निघाला," लोइस म्हणाली.

आठ वर्षांपूर्वी त्यांचं अंतराळयान चित्रं काढत शनीजवळून गेलं. चित्र क्रमांक १११७मध्ये, कड्यांच्या बाहेर, तिला एक ठिपका दिसला होता, आधीच्या कुठल्याच चित्रात नसलेला. काळोखाच्या गालावर कुणी मायेने तीट लावावी तसा, फक्त पांढरा. नवा चंद्र! पण एका चित्रावर कोण विश्वास ठेवणार? त्यानंतरची दोन चित्रं हवी होती. ती शेवटचीच, पुढे कॅमेरा कायमचा बंद झाला. येणारी चित्रं आधी साहेबांच्या, म्हणजे मिल्टनच्या हाती पडत. तो म्हणाला होता, "ती दोन पोचलीच नाहीत, लोइस. वाटेत विरली."

तेव्हापासून प्रत्येक यादीत तिच्या चंद्रापुढे प्रश्नचिन्ह होतं, आणि प्रश्नचिन्हापुढे तिचं नाव. परिषदेत लोक कॉफी ओतता ओतता विचारत, "काय लोइस, उगवला का तुझा चंद्र?" तीही हसायची. घरी जाऊन मात्र जेवायची नाही.

आता मिल्टन निवृत्त होऊन इस्पितळात होता, आणि शनीची सगळी चित्रं पहिल्यांदाच तबकडीवर चढत होती. खोलीभर फितींचा ऐवज तळहाताएवढ्या चकाकत्या चकतीत मावणार होता. शंभर विद्यापीठांना शंभर प्रती. फीत पुसता येते. तबकडीवर एकदा छापलेलं पुसता येत नाही.

"आज चारला तबकड्यांच्या कारखान्याची गाडी येतेय," चारो म्हणाली. "आधी बघून तरी घे, काय आहे त्यात."

"पडद्याचं यंत्र गुरुवारपर्यंत दुसऱ्यांकडे आहे. आणि ही फीत बघ, पापुद्रे सुटलेत. एकदा फिरली की संपली." लोइसने डबा छातीशी धरला. "आपण काय प्रत्येक चित्र बघून पाठवतो? क्रमांक जुळला की गेलं."

तेही खरंच होतं. इथे तसंच चालायचं.

"पण दोन चित्रांनी ठरणार कसं?"

"अगं, १११७नंतर यान मान वळवत होतं. चौकटीत शनी सरकत जाणार. माझा चंद्रही त्याच्याबरोबर सरकला, की बोलायचं कुणाचं काम नाही."

मग तिने इस्पितळात फोन लावला. कसे आहात, विचारलं नाही.

"चोर," ती म्हणाली.

"डबा सापडला वाटतं," पलीकडून मिल्टन म्हणाला.

"आठ वर्षं, मिल्टन! आठ वर्षं माझं हसं झालं, आणि तुम्ही शेजारी बसून सँडविच खात होतात!"

"म्हण मला चोर. परिषदेत उभी राहून सांग, मी सही करून देतो. पण ती दोन तबकडीवर चढवू नकोस."

"का? माझ्या चंद्राने तुमचा उजेड कमी होतो?"

"लोइस, ऐक. मी ती चित्रं स्वतः—"

तिने फोन ठेवला. कारखान्याला जाणाऱ्या फितीवर उतरवून घ्यायला जुनी फीत यंत्रावर चढवली. ती एकदाच फिरली, कुरकुरत, मागे तपकिरी भुगा सांडत. चारला गाडी आली आणि गेली.

नवव्या दिवशी मिल्टन गेला. इस्पितळातून तिच्यासाठी दोनदा निरोप आला होता. तिने उलट फोन केला नव्हता.

"फुलं तरी पाठवूया," चारो म्हणाली.

"तू पाठव."

दीड महिन्याने तबकड्या आल्या. शंभर पाकिटं त्याच सकाळी टपालात पडली. लोइसने स्वतः एकेकावर तिकिटं चिकटवली. दुपारी चारोने केक आणला. परिषदेतले ते कॉफीवाले सगळे झाडून आले, वर्तमानपत्राचा एक माणूसही आला. लोइसने निळा झगा घातला होता. चारोने मिल्टनची रिकामी खुर्ची हळूच भिंतीकडे सरकवली.

दिवे मालवले. तबकडी आत सरकली.

१११७. शनी मधोमध, ठिपका खाली उजव्या कोपऱ्यात. टाळ्या पडल्या.

१११८. यानाने मान वळवली होती. शनी डाव्या कडेला गेला होता, अर्ध्या कड्या चौकटीबाहेर. ठिपका खाली उजव्या कोपऱ्यात.

"दिसला गं बाई!" चारो ओरडली. टाळ्या तिच्या एकटीच्याच. लोइसचा हात कळफलकावर तसाच राहिला होता. शेवटी चारोनेच कळ दाबली.

१११९. शनी नव्हता. कड्या नव्हत्या. नुसता काळोख होता, आणि खाली उजव्या कोपऱ्यात, केसभरही न हलता, कॅमेऱ्याच्या काचेवर बसलेला धुळीचा एक कण.