अस्वलाचा कोपरा

"हे नाही ते," बाई म्हणाली आणि तिनं पुस्तक टेबलावर टाकलं. "माझ्या पुस्तकाचा कोपरा खाल्लेला होता."

"ताई, इथलं न खाल्लेलं एक पुस्तक दाखवा, मिशी उतरवून देतो," चिकटकाका म्हणाले.

काका बालवाचनालयात पुस्तकांची डागडुजी करीत. बोटं सदा खळीत बुडालेली. म्हणून तर हे नाव. एकदा त्यांनी मोठ्या साहेबांशी हात मिळवला, तेव्हा दोघांना दुपारचं जेवण एकाच ताटात घ्यावं लागलं म्हणे. बडबडगीतांची पुस्तकं हे काकांचं जन्माचं दुखणं. जाड पुठ्ठ्याची पानं, पानभर रंगीत चित्रं आणि बाळांच्या मते चवीलाही बरी. एका पठ्ठ्यानं तर आगगाडीचं पान इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत फस्त केलं होतं. पुढं आठवडाभर त्याच्या पोटातून शिट्टी ऐकू यायची. आया पुस्तक परत आणत, कुरतडलेली बाजू हाताखाली झाकत आणि शिकवून ठेवल्यासारखं एकच वाक्य म्हणत, "काका, दात येतायत हो!"

"दात त्यांना येतात, तोंड माझं कडू होतं," काका पुटपुटत.

मग ते चावलेला तुकडा कापत आणि पाण्याच्या डब्यात टाकत. तुकडे भिजत, त्यांचा लगदा होई. त्यात खळ कालवून काका दुसऱ्या पुस्तकाचा तुटका कोपरा भरून काढत. दाबून वाळवत, वर रंग देत. हत्तीचा कान उंदराच्या शेपटीत जाई, बदकाची चोच चांदोबाच्या गालात. होता होता कपाटातली सगळी पुस्तकं एकमेकांची सोयरी झाली होती. "माझ्या हातून गेलेल्या पुस्तकाला मूल शिवलं होतं, असं कुणी ओळखून दाखवावं," काका छाती फुगवून सांगत.

"अस्वलाचं पान," बाई म्हणाली. "वर दोन दात, खाली दोन. खुणा होत्या. बोट ठेवलं की कळायच्या."

हा सूर तक्रारीचा नव्हता. काकांनी चष्म्यावरून पाहिलं. बाईच्या दोन पायांत दोन तऱ्हेच्या चपला होत्या.

"बाळ कुठंय?" काकांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना कळलं.

लेक तापानं गेली होती. बाईला झोपेचं औषध दिलेलं असताना नणंदेनं घर आवरून टाकलं. पाळणा एकीकडे, झबली दुसरीकडे, खुळखुळा तिसरीकडे. भिंतीवरचे इवल्या हातांचे डागसुद्धा ओल्या फडक्यानं पुसून काढले. वहिनीच्या डोळ्यांसमोर नको, म्हणून. माणूस मायेचं, वाईट काही मनात नव्हतं. पुस्तक वाचनालयाचं, ते वाचनालयात आलं.

"फोटो आहेत," बाई म्हणाली. "पण फोटो काढायला गेलं की ती तोंड घट्ट मिटून घ्यायची. लबाड! दात कुठंच नाहीत हो."

काकांनी टेबलावरचं पुस्तक सावकाश उघडलं. अस्वलाची गाणी एवढ्या एकाच पुस्तकात होती. परवाच त्यांनी ते हातावेगळं केलं होतं. पानावर अस्वल खुर्चीत बसलेलं, न्हावी कात्री घेऊन शिडीवर.

अस्वल गेलं न्हाव्याकडे,
केस पडले चहूकडे.
घरी येता आई म्हणे,
"कोण रे तू? जा तिकडे!"

"हेच आहे ते, ताई."

बाईनं कोपऱ्यावर बोट फिरवलं. गुळगुळीत. वर नवीकोरी तपकिरी लव रंगवलेली. तिनं पुन्हा बोट फिरवलं, मग नखानं खरवडलं.

"खाली असेल ना? रंगाच्या खाली?"

"खाली काही नाही. मी कापला तो."

"मग तुकडा द्या."

काकांनी बाही न सारता डब्यात हात घातला. ढवळलं, चाचपलं. जन्मभर ज्या खुणा पुसल्या, त्यांतली एक त्यांना आज हवी होती. मुठीत आला तो नुसता करडा चिखल. बोटांच्या फटींतून तो टेबलावर गळला.

"लगदा झाला, ताई. अन् लगदा..." त्यांनी कपाटाकडं पाहिलं. "यात गेला असेल. त्यात गेला असेल. कुठं कुठं लावला, माझं मलाच ठाऊक नाही."

बाईनं कपाटातून एक पुस्तक ओढलं, कोपरा चाचपला, खाली टाकलं. दुसरं ओढलं. तिसरं. मग ओंजळीनं. सगळे कोपरे सारखे, सगळे गुळगुळीत. पुस्तकांचा ढीग झाला आणि त्या ढिगातच ती मटकन बसली.

"तुम्हीपण आवरूनच ठेवलंत की हो," ती म्हणाली.

छाती फुगवणारा माणूस, आता खांदे कुठं ठेवावेत ते त्याला कळेना.

तेवढ्यात सतरंजीवरून कुणाचं तरी एक रांगतं पोर ढिगापाशी आलं. हनुवटीवरून लाळेची तार लोंबत होती. त्यानं बदकाचं पुस्तक उचललं, इकडून तिकडून पाहिलं आणि नेमका काकांनी भरलेला कोपरा तोंडात घातला.

"अरे, थू कर! थू!" पलीकडून त्याची आई धावली. सवयीनं काकांचाही हात झेपावला.

बाईनं तो मनगटापाशी वरच्यावर धरला. खळीनं हाताला हात चिकटला. तो इवला जबडा मन लावून चालला होता. बाई एकटक बघत राहिली.

"असू द्या हो काका," ती म्हणाली. "दात येतायत."